उजवीकडची गिरकी

"कुठं होतीस?" हालिनाबाईंनी विचारलं.

मी मॅटवर उताणी पडले होते. वर गोदामाचे पत्रे होते, ट्यूबलाइट होती आणि तिच्या उजेडात हातांना लावायची पांढरी पावडर तरंगत होती. धावत आलेलं आठवत होतं. हातांवर उलटले तेही आठवत होतं. पाय जमिनीवरून सुटले आणि त्यानंतर वर कुठं, खाली कुठं, माझं डोकं कुठल्या बाजूला, यातलं काहीच मला कळेनासं झालं. पाठ आपटली तेव्हा खाली काय ते समजलं.

"पडलीस कशी ते न्हाई विचारत," बाई म्हणाल्या. "वर होतीस तेव्हा कुठं होतीस?"

"माहीत नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की पाठीला लागलेलं मी विसरले आणि मला त्या नजरेचीच धास्ती बसली. मग त्यांनी हात देऊन मला उठवलं आणि घरी जायला सांगितलं. सराव अर्धा टाकून बाईंनी कुणाला घरी पाठवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट सांगलीतली, आता तिला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. आमची व्यायामशाळा हळदीच्या जुन्या गोदामात होती. हळद कधीच गेली होती, वास मात्र ठाण मांडून बसला होता, आणि भिंतीला टेकून बसलं की पाठीवर पिवळा पट्टा उमटायचा. एका कोपऱ्यात मुलांचा मल्लखांब आणि उरलेल्या जागेत आम्हा मुलींचं जिम्नॅस्टिक्स. सांगलीसारख्या ठिकाणी ते आलं ते हालिनाबाईंमुळं. डॉक्टर शेटे तरुणपणी युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेले, तेव्हा तो देश रशियाच्याच पंखाखाली होता, आणि परत येताना डिग्रीबरोबर बायकोही घेऊन आले. सासूबाईंनी आधी चार महिने अबोला धरला आणि मग सुनेला असं काही मराठी शिकवलं, की बाई बोलायला लागल्या म्हणजे भाजीवाल्या बायका वजन करायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायच्या. आम्ही शाळेतलं मराठी बोलायचो आणि ही गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई "हाय" आणि "न्हाई" करायची.

त्यांच्या खेळातल्या कारकिर्दीबद्दल गावाला फारसं ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक फोटो होता. त्यात एक काटकुळी मुलगी गळ्यात पदकं घालून उभी होती आणि दात काढायला आल्यासारखा चेहरा करून बघत होती. लहानपणी पोल्टावा नावाच्या गावात त्यांनी सुरुवात केली, पुढं मोठ्या संघात गेल्या, बरीच पदकं मिळवली, आणि ऐन बहरात, जगातल्या मोठ्या स्पर्धेची तयारी चालू असताना, एक दिवस खेळ सोडून घरी निघून गेल्या. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या व्यायामशाळेचे चिटणीस आप्पा बिरनाळे येईल त्या पाहुण्याला बाईंच्या पदकांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचे. तेवढ्या वेळात बाई कुठंतरी पाण्याचा माठ भरायला निघून जायच्या.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. रोज सराव सुरू करण्याआधी आम्ही सगळ्या मुली एका रांगेत उभ्या राहायचो, डोळे मिटायचो, आणि आपापली पूर्ण कसरत जागच्या जागी नुसती हातांनी आणि खांद्यांनी करायचो. उडी असेल तिथं टाचा उचलायच्या, गिरकी असेल तिथं खांदा वळवायचा. बाई त्याला कोरडी फेरी म्हणायच्या. बघणाऱ्याला वाटावं, आठ-दहा मुलींच्या अंगात आलंय. या रांगेत दोन मुलींनंतर एक जागा मोकळी सोडायची आणि मग तिसरीनं उभं राहायचं, असा बाईंचा नियम होता. का सोडायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. हवा खेळती राहावी म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. नवी मुलगी चुकून त्या जागी उभी राहिली की बाई न बोलता तिला दंडाला धरून पुढं सरकवायच्या.

हवेत हरवण्याचा प्रकार जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतो. शंभर वेळा केलेली गिरकी एक दिवस अंगातून निघून जाते. हातपाय धड, ताकद तीच, आणि वर गेलं की काळोख. ती परत कधी येईल, येईल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. आणि हे कांजिण्यांसारखं एकीचं दुसरीला लागतं अशी आमची पक्की समजूत. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा यास्मिन मुजावरनं आपली पिशवी माझ्या खुंटीवरून काढून पलीकडं टांगली होती. आम्ही दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. माझी पाळी आली की ती भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, तरी मला ते लागलं.

त्यात पुण्याची निवड चाचणी तोंडावर आलेली. आमच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, गणपती पेठेत भांड्यांचं दुकान होतं. मुलीच्या उड्या त्यांनी बरीच वर्षं चालवून घेतल्या होत्या, पण आता मी एकोणीस वर्षांची झाले होते आणि जयसिंगपूरहून एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. राज्याच्या संघात नाव आलं तर हवं तितकी वर्षं खेळ, मी पाहुण्यांना थांबवतो. नाही आलं तर हा विषय संपला, असं दादांनी मला स्वच्छ सांगितलं. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. मला फक्त खेळायचं होतं, आणि माझ्याकडं गिरकीच उरली नव्हती.

बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. साधी कोलांटी, मग अर्धी गिरकी, मग फोमच्या ढिगावर पूर्ण. अर्ध्यापर्यंत सगळं ठीक चालायचं आणि पुढं गेलं की काळोख यायचा. मी रोज पाठीवर, कुशीवर, एकदा तर हनुवटीवर पडले. एका दुपारी रांगेत उभी राहायला गेले तर बाईंनी मागून माझे दोन्ही खांदे धरले. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी मला ढकलत नेऊन त्या मोकळ्या जागेत उभं केलं.

"आज हितं उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या.

सगळ्या मुली माझ्याकडं बघत राहिल्या. बाईंनी टाळी वाजवली आणि आम्ही डोळे मिटले.

मी मनात धावले. मनात हातांवर उलटले. टाचा उचलल्या आणि गिरकीची जागा आली. इथं एक सांगायला हवं. लिहिताना जसा प्रत्येकाचा हात ठरलेला असतो, तशी गिरकीची बाजू ठरलेली असते. कुणी डावीकडं फिरतं, कुणी उजवीकडं, आणि एकदा अंगात बसलेली बाजू जन्मात बदलत नाही. मी डावी. त्या दिवशी माझा उजवा खांदा मागं गेला. मी तो नेला नव्हता. शेवटी उभं राहायची वेळ आली तेव्हा माझे तळवे बाहेरच्या बाजूला वळले आणि मान किंचित कलली. असं उभं राहायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

डोळे उघडले तर बाई मल्लखांबाच्या गादीवर मटकन बसलेल्या. त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेतला एक शब्द निघाला. एखाद्याला नावानं हाक मारावी तसा तो वाटला.

"जा," त्या मला म्हणाल्या. "आता मार."

मी धावले, हातांवर उलटले आणि उडी घेतली. आणि मी मॅटवर उभी होते, सरळ, दोन्ही पाय जुळलेले, तळवे बाहेर. मधलं काही नव्हतं. कॅसेटवरचा एक तुकडा पुसला जावा तशी मधली उडी माझ्यापुरती पुसून गेली होती. मुली टाळ्या वाजवत होत्या. मल्लखांबावरची मुलंसुद्धा खांबाला धरून थांबली होती. यास्मिन तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

"पद्मे," ती म्हणाली, "तू उलटी फिरलीस."

पुढचे दिवस मी जितकी चांगली उडत होते, तितकी कधीच उडाले नव्हते. एकही गिरकी चुकली नाही. आप्पा खुशीत येऊन रोज केळी वाटायला लागले. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. घरी दादांनी जयसिंगपूरच्या पाहुण्यांना जरा थांबा म्हणून निरोप धाडला. पण उडी घेतली की मधलं पुसलेलं असायचं, ते काही परत येईना. आणि बाई माझ्यापेक्षा आधी येऊन मॅटच्या कडेला मांडी घालून बसायच्या, बाकीच्या मुलींकडं ढुंकूनही न बघता माझ्या पाळीची वाट पाहायच्या. मी उतरून त्यांच्याकडं वळले की त्यांची नजर माझ्या डोक्याच्या वर, पत्र्याखाली कुठंतरी असायची. एकदा तर तिकडं बघून त्या ओळखीचं हसल्या.

मी त्यांना विचारलं, माझी बाजू कशी बदलली. पुण्याहून येऊ, मग सांगते, असं म्हणून त्यांनी विषय टाळला.

मग यास्मिननं मला खिडकीपाशी ओढून नेलं. ती अजून माझ्या पाळीला भिंतीकडं तोंड करूनच उभी राहायची, त्यामुळं तिला दिसत काही नसे, नुसतं ऐकू यायचं.

"तुला एक सांगू का, रागावू नकोस," ती म्हणाली. "तू धावतेस तेव्हा पायांचा आवाज येतो. उलटतेस तेव्हा हातांचा येतो. आणि उतरायचा आवाज येतच नाही."

मी हसले. मॅट मऊ आहे, म्हटलं. ती म्हणाली, मॅट सगळ्यांना सारखीच मऊ आहे.

ती गेल्यावर मी बाकावर चढून मॅटवर उडी मारली. धप्प आवाज झाला, पत्र्यावरची कबुतरं फडफडली. साधी कोलांटी मारली, धप्प झाला. मग मी गिरकी घेतली आणि भानावर आले ती मॅटवर उभी होते. तळपायांना झिणझिण्या आल्या होत्या, म्हणजे उतरले मी जोरातच होते. गोदामात कुणी नव्हतं. पत्र्यावर कबुतरं होती, तीदेखील उडाली नव्हती. मी पायांची पावडर न पुसता, चपला हातात घेऊन घरी पळाले. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. चाचणी पाच-सहा दिवसांवर आली होती.

पुण्यात चाचणी एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. मुलींना कपडे बदलायला एक वर्ग दिला होता. दुपारी बाकीच्या मुली जेवायला गेल्या तेव्हा बाईंनी मला मागं थांबवलं आणि वर्गाचं दार लावून घेतलं. त्या बाकावर बसल्या. लहान मुलांचा बाक, त्यांचे गुडघे वर आले होते. फळ्यावर बेरजा होत्या.

"माझी गिरकी डावी," त्या म्हणाल्या. "जन्माची डावी. तुझ्यासारखी."

मी फोटोतली पदकं आठवून म्हटलं, आप्पा तर सांगतात तुमची उजवी गिरकी जगात गाजली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये कुठं रडल्या नाहीत. पोल्टाव्याच्या हॉलमध्ये त्यांच्याबरोबर ओलेस्या नावाची मुलगी होती. दोघी एका वयाच्या, एका खोलीत राहायच्या, एका ताटलीत जेवायच्या. ओलेस्याची गिरकी उजवी आणि अशी सुरेख, की दुसऱ्या गावांहून मुली बघायला यायच्या. रांगेत ती तिसरी उभी राहायची. दोघी चौदा वर्षांच्या असताना एका सकाळी साध्या सरावात ओलेस्या वर गेली आणि वरच हरवली. खाली आली ती मानेवर. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दोन दिवसांनी हॉल पुन्हा सुरू झाला, रांग लागली, आणि तिच्या जागेवर उभं राहायला कुणीच तयार होईना. मोठी माणसं म्हणाली, जागा मोकळी ठेवली तर मुलींच्या मनात भीती बसेल. त्यांनी हालिनाला तिथं उभं केलं.

"त्या दिवसापासून मी उजवीकडं फिरले," बाई म्हणाल्या. "सगळी पदकं त्यानंतरची. लोक म्हणायचे, मांजर उतरतं तशी उतरती, आवाजच न्हाई करत. पद्मा, त्यातली एकबी उडी मला आठवत न्हाई. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला कळायचं की मी आले खाली."

"आवाज का येत नव्हता?"

"मी यायची खाली. ती यायची न्हाई. ती अजून वरच हाय."

हे त्यांनी, दूध उतू गेलंय असं सांगावं, इतक्या सरळपणे सांगितलं. मी दाराकडं पाहिलं. बाहेरून भांड्यांचा आणि पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता.

मोठ्या स्पर्धेच्या आधी त्यांना वाटायला लागलं, की आपणही एक दिवस वर जाऊ आणि खाली येणारं कुणी उरणार नाही. त्या भीतीनं त्यांनी खेळ सोडला. पुढं सांगलीत मुली शिकायला आल्या तेव्हा त्यांनी ती जागा रोज मोकळी ठेवली. ओलेस्यासाठी नव्हे, आमच्यासाठी, कुणी पुन्हा तिथं उभं राहू नये म्हणून.

"मग मला का उभं केलंत?"

बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. "तू हरवली होतीस. मला वाटलं, तुला मदत करते." मग त्या म्हणाल्या, "खोटं हाय. मला तिला बघायचं होतं. इतक्या वर्षांनी एकदा. माझ्या अंगात असताना मला ती दिसायची न्हाई."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून मला नुसतं रडू आलं, आणि रडू आल्याचाच राग आला.

"आज उजवीकडं गेलीस तर संघात येशील," त्या म्हणाल्या. "ती चुकत न्हाई. आता तुला कळलंय. तू ठरव."

"आणि डावीकडं गेले तर?"

"ठाऊक न्हाई. मी कधी गेलेच न्हाई. मला भ्या वाटायचं."

मी उजवीकडंच जायचं ठरवलं. यात लपवण्यासारखं काही नाही. मला खेळायचं होतं, संघ हवा होता, जयसिंगपूर नको होतं. डावी गिरकी मला दोन महिन्यांत एकदाही जमली नव्हती आणि मानेवर पडलेल्या मुलीची गोष्ट मी तासाभरापूर्वीच ऐकली होती. कुणाची का असेना, येणारी गिरकी घ्यावी, नाव संघात पडू द्यावं, मग पुढचं पुढं बघू. यास्मिनची कसरत झाली, चांगली झाली. तिच्यानंतर माझं नाव पुकारलं.

मॅटच्या कोपऱ्यात उभं राहून मी कोरडी फेरी करायला डोळे मिटले. अजून मनात धाव सुरूदेखील केली नव्हती, आणि माझे तळवे आपोआप बाहेर वळले. मान कलली. मी ती सरळ करायला गेले तर होईना.

आणि मला राग आला. भीती नव्हे, राग. आमचं मगदूमांचं घराणं रागासाठी गावात ओळखलं जातं, त्याचं मी आजवर फार चीज केलेलं नाही, पण त्या क्षणी तो कामाला आला. मी सात वर्षांची असल्यापासून पडत, सोलवटत, गुडघ्यांना हळद लावून घेत हे अंग घडवलं होतं. दादांची बोलणी मी खाल्ली होती. पाठीवर मी पडले होते. आता संघात नाव येणार ते पद्मजा मगदूमचं, आणि त्या उडीत पद्मजा मगदूम असणारच नव्हती. बाईंकडं मी पाहिलं. एवढी पदकं मिळवलेली बाई, आणि आठवायला एक उडी नाही. माझं नाव यायचं तर माझ्या उडीवर येऊ दे, नाही तर गेलं खड्ड्यात.

मी धावले. हातांवर उलटले. पाय सुटले तसा उजवा खांदा मागं ओढला जाऊ लागला, कुणीतरी दंड धरून ओढावं इतका. मी दात आवळले आणि डावा खांदा टाकला.

काळोख झाला नाही. वर हॉलचे दिवे होते, खाली निळी मॅट होती, आणि मध्ये मी होते. मी डावीकडं फिरले आणि अर्ध्या फेऱ्यात माझ्यासमोर एक चेहरा आला. ती उजवीकडं फिरत होती, त्यामुळं आम्ही समोरासमोर आलो. चौदा वर्षांची मुलगी. केस करकचून बांधलेले, ओठ मिटलेले. तिचे डोळे भिरभिरत होते, वर, बाजूला, पुन्हा वर. ते मी लगेच ओळखलं. दोन महिने माझे डोळे तसेच फिरत होते. ती जमीन शोधत होती.

दुसऱ्या फेऱ्यात चेहरा पुन्हा समोर आला. या वेळी तिनं मला पाहिलं. हे सगळं किती वेळात झालं असेल, पापणी लवायला लागतो तेवढ्यात, पण मला ते आज सगळंच्या सगळं आठवतंय. मी काय करणार होते. उतरायची वेळ झाली की मॅट कुठं ते बघायचं, एवढंच मला शिकवलेलं. मी खाली पाहिलं. तिनं माझ्या नजरेमागून खाली पाहिलं.

माझे पाय टेकले. धप्प झालं. आणि माझ्या पाठोपाठ, हातभर अंतरावर, दुसरा आवाज झाला, जरा हलका.

मी हलले नव्हते. दोन्ही पाय जिथं पडले तिथंच होते, हे मी देवळात उभी राहून सांगेन. तळवे माझे आत होते, मान सरळ होती. पुढची कसरत मी कशी पुरी केली ते सांगण्यासारखं नाही, बरी केली असावी. पण उतरताना एक पाऊल जास्त पडलं म्हणून पंचांनी गुण कापले, आणि तेवढ्यानं माझं नाव संघातून राखीवमध्ये गेलं. शेवटची जागा यास्मिनला मिळाली. ती माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली.

आप्पा पंचांच्या टेबलापाशी जाऊन हमरीतुमरीवर आले. पोरगी तसूभर हलली नाही, सगळ्या हॉलनं पाहिलंय, असं ते ओरडत होते. पंच बाई शांत होत्या. हललेली आम्हालाही दिसली नाही, त्या म्हणाल्या, पण पाय टेकल्याचा आवाज दोनदा झाला, तो आम्ही तिघींनी ऐकला. आप्पा पुन्हा तोंड उघडणार तोच हालिनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यांनी बरोबर ऐकलं."

परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या बाकावर आप्पा फुगून बसले होते. खंबाटकीचा घाट मागं पडला. मग त्यांनी खिडकीबाहेर बघत हळूच विचारलं, तुला दिसली का. मी हो म्हटलं.

"कशी होती?"

"खाली बघायचं विसरली होती," मी म्हटलं. "जमीन शोधत होती. सापडत नव्हती तिला."

"मग?"

"सापडली, बाई."

बाईंनी मान हलवली. काही वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, रडतायत. वाकून पाहिलं तर त्या झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, अगदी लहान पोरीसारख्या गाढ. कऱ्हाडला गाडी चहाला थांबली, आप्पांनी खिडकीतून हाका मारल्या, तरी त्यांना जाग आली नाही.

मला मात्र रडू येत होतं. संघ गेला होता, दादा दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला निरोप धाडणार होते, आणि मी त्यानंतर पुन्हा कधी स्पर्धेत उतरणार नव्हते, ते मला त्या एसटीतच कळून चुकलं होतं. खांद्याला मुंग्या आल्या होत्या, हात पार बधिर झाला होता. पण सांगली येईपर्यंत मी तो खांदा हलवला नाही.